हाताला न येणारं शेवाळ

बेंदवाडी, ता. कवठे महांकाळ
११ फेब्रुवारी २०२४

शेवाळशास्त्रपारंगत उत्कर्षाबाई यांस, आतेबहीण क्रांतीचा नमस्कार.

फोनच करणार होते. पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. ‘कळलं, कळलं’ म्हणतेस, आणि कळलेलं काहीच नसतं. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून कितीतरी वर्षांनी पेन धरलंय.

तू डॉक्टर झालीस तेव्हा भावकीत सगळे विचारत होते, पोरगी कशातली डॉक्टर? मी सांगितलं, शेवाळातली. आमचे मामंजी मेंढरं हाकता हाकता थांबले आणि म्हणाले, “शेवाळ आजारी पडतंय व्हय गं?”

तर ते आजारी नाही. चांगलं धडधाकट आहे आणि आमच्या तळ्यात मावेना झालंय. पूर्वी शिमग्यापर्यंत तळ्याच्या भेगा मोजायची पाळी यायची. आता कालव्याचं पाणी सोडतात, बारा महिने साठा असतो, आणि त्या साठ्यात हे हिरवे केस. मूठभर उचलावं तर हातभर लोंबत येतं, आणि घट्ट धरावं तर सुळकन निसटतं. सकाळी खाली असतं, दुपारी फुगे धरून वर येतं. मोटारीच्या जाळ्या तुंबतात. धुणं धुणाऱ्या बाया शिव्या घालतात.

आमचा सरपंच राजवर्धन (वय तिशीचं, फोन दोन, काळा चष्मा रात्रीसुद्धा) मशीन लावून सगळं उपसायचं म्हणतोय. मशीन अजून ठरलं नाही, बॅनर मात्र छापून आलाय. तेव्हा तू एवढंच सांग: काढावं का? आणि मेंढरांना त्याचा त्रास आहे का? दोन ओळीत लिही. व्याख्यान नको.

क्रांती


सातारा
१९ फेब्रुवारी २०२४

क्रांतीस,

व्याख्यान नको म्हणालीस, म्हणून व्याख्यानच देते. बारावीत जीवशास्त्राच्या तासाला तू खिडकीतून बाहेर बघायचीस, त्याची ही भरपाई.

तू लिहिलंयस ते स्पायरोगायरा. त्याला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. पेशीला पेशी जोडत गेलेला नुसता धागा, केसाहून बारीक. प्रत्येक पेशीत एक हिरवी फीत मळसूत्रासारखी वळत गेलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंस तर आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसशील. अंगाला बुळबुळीत थर असतो म्हणून निसटतं. उन्हात ते प्राणवायू सोडतं, बुडबुडे धाग्यांत अडकतात आणि आख्खा तराफा वर येतो. तुझ्या सरपंचाला हे समजावू नकोस, तो फुगे विकायला काढेल.

उथळ, संथ, उन्हातलं पाणी त्याला लागतं. आणि खत. ते कोण देतं? तुम्हीच. द्राक्षबागांचं खत, मेंढरांच्या लेंड्या, धुण्याची पावडर, सगळं ओघळून तळ्यात येतं. शेवाळ तुमचंच उष्टं खातंय, आणि तुम्ही त्यालाच शिव्या घालताय. पाणी आटायला लागलं की शेजारचे दोन धागे चिकटतात, मधे पूल तयार होतो, एका पेशीतला जीव दुसरीत उतरतो, आणि जाड कवचाचं बी होऊन चिखलात जाऊन बसतं. तळं कोरडं पडलं तरी ते मरत नाही. तेव्हा उपसून ते संपेल ही आशा सोडा.

मोटारीजवळचं आणि धुण्याच्या घाटाचं तेवढं दाताळ्यानं ओढा. निम्म्याहून जास्त राहू द्या. काढलेलं काठावर टाकू नका, कुजून परत पाण्यात उतरतं. लांब शेतात न्या. सगळं एकदम खरवडलंत तर त्याचं खाणं पाण्यात तसंच उरेल, आणि ते खायला दुसरं काहीतरी येईल. मेंढरांना त्रास नाही. तुझ्या मामंजींना, आकारामतात्यांना सांग, शेवाळ ठणठणीत आहे, रोग माणसांनाच आहे.

उत्कर्षा


बेंदवाडी
१० मार्च २०२४

उत्कर्षा,

तुझं पत्र ग्रामसभेत वाचलं. म्हणजे निम्मं वाचलं, पुढचं हसण्यात ऐकू गेलं नाही. राजवर्धन म्हणाला, “म्याडमचं पोटच त्याच्यावर हाय, त्या कशाला काढा म्हणतील?” तेव्हापासून गावात तुझं नाव ‘शेवाळाची वकील’ असं पडलंय. फी घेतलीस का त्याच्याकडून?

मशीन आलं, दोन दिवसांत तळं चकाचक झालं. बॅनरवर राजवर्धन, त्याचा चुलता, चुलत्याचा नेता आणि कोपऱ्यात तळं. खरं सांगू? लय छान दिसतंय. काठावरून तळाचे दगड दिसतात. इतकं नितळ पाणी मी लग्न होऊन आल्यापासून बघितलं नव्हतं. तेव्हा तू चुकलीस, बाई. कबूल कर, जड जाईल तरी.

ओरडले ते एकटे गुंडाभाऊ, कारण उपसलेले ढीग त्यांच्या बांधाला, तळ्याच्या काठावर टाकले. पण त्यांचं कोण ऐकतंय? आमच्या घराशी तर त्यांचं वाकडंच आहे. गेल्या महिन्यात मामंजींची मेंढरं त्यांच्या मक्यात शिरली तेव्हा भर रस्त्यात म्हणाले, “परत आली तर एकबी जित्तं जायचं न्हाई.” बायको अंबूवहिनी हाताला धरून ओढत होती तरी बोलतच होते.

क्रांती


सातारा
१६ मार्च २०२४

सौ. क्रांती यांस,

तळ्याचं आणि बॅनरवरच्या सर्व मान्यवरांचं अभिनंदन. माझं पत्र ज्या सभेत हसण्यावारी नेलं त्या सभेला माझा सल्ला यापुढे लागणार नाही हे उघड आहे. पुन्हा काही उगवलं तर राजवर्धनरावांना विचारावं. त्यांच्याकडे दोन फोन आहेत.

उत्कर्षा


बेंदवाडी
२ मे २०२४

उत्कर्षा,

रुसवा संपला असेल तर वाच. नसेल तरी वाच.

तळं पुन्हा हिरवं झालंय. काठावरचे ढीग वळवाच्या दोन सरींत वाहून आत गेले, तू म्हणालीस तसंच. हसून घे. पण हे आधीसारखं नाही. केस नाहीत, लोंबत नाही, हातालाच येत नाही. कुणी डब्यातला हिरवा रंग पाण्यात ओतून कालवलाय असं दिसतं. हात बुडवून काढला की बोटं हिरवी. सकाळी वारा पडलेला असला की वर साय धरते, आणि वारा सुटला की ती सगळी साय आमच्या बाजूच्या काठाला येऊन बसते. वासही मारतोय. मेंढरं तिथंच पाण्यावर जातात. मामंजी म्हणतात, “त्या बामनीणीला इचार.” तू बामणीण नाहीस हे त्यांना कितीदा सांगायचं? शिकलेली बाई त्यांच्या लेखी बामणीणच.

आमचे हे म्हणतात, घाबरायचं काय, शेवाळच आहे. तरी तू सांग.

क्रांती


सातारा
९ मे २०२४

क्रांतीस,

पेपर तपासणीचे गठ्ठे समोर आहेत, म्हणून थोडक्यात. परत येईल हे मी फेब्रुवारीतच लिहिलं होतं, तेव्हा तुम्हाला हसू येत होतं. आता वास मारतोय म्हणून शेवाळाच्या वकिलाची आठवण झाली का?

स्पायरोगायरा खाऊन किंवा पिऊन जनावर मेल्याचं मी कधी वाचलेलं नाही, ऐकलेलं नाही. मेंढरं खुशाल पाजा. आणि राजवर्धनना म्हणावं, या वेळी बॅनर जरा मोठा छापा, तळं झाकता येईल.

उत्कर्षा


बेंदवाडी
१४ मे २०२४

उत्कर्षा,

मामंजींचा निम्म्याहून जास्त कळप मेला.

रविवारी सकाळी मेंढरं पाण्यावर नेली. पिऊन वर चढतात न चढतात तोच पाय लटपटायला लागले. एकेक करून बसली, तोंडाला फेस आला, मान टाकली. काही तिथंच काठाला, काही वाटेत. मामंजी एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या नावानं हाका मारत होते. तुला माहीत नसेल, त्यांनी प्रत्येकीला नाव दिलेलं असतं. जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले विषबाधा दिसते, नमुने पुण्याला पाठवतो, वेळ लागेल.

विष म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडात एकच नाव आलं. रस्त्यात उभं राहून धमकी दिली होतीच. तरी दोनचार म्हातारे म्हणाले, पाणीच वाईट असंल, शेवाळ असंल. तेव्हा ह्यांनी मला घरातून तुझं पत्र आणायला लावलं, आणि मीच ते चौकात मोठ्यानं वाचलं. ‘मेंढरं खुशाल पाजा.’ मग कुणाच्या मनात शंका राहिली नाही. पोरं गुंडाभाऊंच्या घरी गेली, त्यात आमचे हेही होते. गुंडाभाऊंचा उजवा हात मोडलाय, डोक्याला टाके आहेत. दवाखान्यात पोलीस जबाब घेतायत. घ्यावा. मला काही वाईट वाटत नाही. मामंजी दोन दिवस जेवलेले नाहीत.

फोन तीनदा केला, तू उचलला नाहीस. तेव्हा आता एक काम कर. पत्रात लिहिलंस तेच कॉलेजच्या कागदावर, शिक्क्यासकट लिहून दे: शेवाळानं जनावर मरत नाही. म्हणजे गुंडाभाऊंना पळवाट राहणार नाही. एवढं आमच्यासाठी कर.

क्रांती


सातारा
१७ मे २०२४, दुपार

क्रांती,

याचा फोटो काढून तुला पाठवते आहे. पोस्टाला थांबायला वेळ नाही, आणि फोनवरचं बोलणं पोलीस ठाण्यात चालत नाही. हे चौकात वाच. माझं आधीचं पत्र जिथं उभी राहून वाचलंस तिथंच उभी राहा.

शिक्क्याचा कागद मी देणार नाही. मी चुकीचं लिहिलं.

तुझं २ मेचं पत्र आज पुन्हा वाचलं. त्या वेळी मी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि मी बरोबर ठरले एवढंच मला दिसलं. पुढे तू स्पष्ट लिहिलं होतंस: लोंबत नाही, हाताला येत नाही, रंग कालवल्यासारखं, वर साय धरते. पहिल्या वर्षाच्या पोरानंही हे वाचून सांगितलं असतं की हे स्पायरोगायरा नाही. हे निळं-हिरवं शेवाळ. त्याला शेवाळ म्हणतात एवढंच, खरं तर ते जिवाणूंच्या जातीचं. तंतूंचं शेवाळ सगळं खरवडलं, त्याचं खाणं पाण्यात उरलं, ढीग कुजून आणखी भर पडली, ऊन तापलं, आणि हे माजलं. ‘दुसरं काहीतरी येईल’ असं मी लिहिलं होतं. काय येईल ते लिहायचे मी कष्ट घेतले नाहीत. यातल्या काही जाती विषारी असतात. वाऱ्यानं साय एका काठाला गोळा झाली की त्या काठाचं चार घोट पाणी मेंढराला पुरतं. गुंडाभाऊंना विष घालायची गरज नव्हती. विष तळ्यातच होतं, आणि मी ते पाजा म्हणून लिहून दिलं.

आजपासून त्या पाण्याला कुणी शिवायचं नाही. उकळून विष जात नाही. पोरांना पोहायला सोडू नका.

उद्या पहिल्या एसटीनं निघते. बाटल्या आणि सूक्ष्मदर्शक घेऊन येते. माझ्यासाठी जेवण करू नकोस.

उत्कर्षा


सातारा
२९ मे २०२४

क्रांती,

पाण्याचा अहवाल आला. मी म्हणाले तेच निघालं. पुण्याचा अहवालही तसाच येईल. आलेल्याच्या प्रती ठाण्यात आणि गुंडाभाऊंच्या वकिलाकडे पाठवल्या आहेत. माझा सहीचा जबाबही.

त्या दिवशी तळ्यावर तू लांब उभी होतीस, म्हणून तुला ऐकू आलं नसेल. बाटलीतलं पाणी तासभर ठेवल्यावर हिरवी साय वर आली, ते लोकांना दाखवलं. थेंब काचेवर घेऊन एकेकाला बघायला लावलं. तुमच्या सरपंचानं काळा चष्मा न काढताच नळीला डोळा लावला आणि म्हणाला, “मला तर सगळं काळंच दिसतंय.” दोघं हसले. मला वाटलं होतं, माझ्यावर हसतील, ओरडतील. कुणी ओरडलं नाही. सगळे एकेक करून निघून गेले.

मग गुंडाभाऊंच्या घरी गेले. ते बाजेवर पडून होते, तोंड भिंतीकडे. अंबूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आत ये म्हणाल्या नाहीत. मी सगळं सांगितलं. माझी चूक, पत्र, यायचा असलेला अहवाल, ठाण्यात दिलेला जबाब. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमच्या कागदानं माझ्या मालकाचा हात मोडला. आता दुसऱ्या कागदानं जोडा.”

पंधरा वर्षं मी वर्गात सांगते की आधी नीट बघा, मग नाव ठेवा. मुलं ते वहीत उतरवून घेतात. यंदा कुठल्या तोंडानं सांगू?

उत्कर्षा


बेंदवाडी
१८ ऑगस्ट २०२४

उत्कर्षा,

तुझं पत्र येऊन अडीच महिने झाले. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. आता लिहिते.

पहिल्यांदा एक ऐक. तू स्वतःला फार मोठी गुन्हेगार समजून बसू नकोस. तेवढी मोठी तू नाहीस. कागद तुझा होता, वाचला मी, काठी ह्यांची होती. तुझा पत्रातला राग आम्हाला सोयीचा पडला, एवढंच. गुंडाभाऊंवर दात होता तो आधीपासून होता.

गुन्हा ह्यांच्यावर आणि आणखी चौघांवर दाखल झालाय. केस चालेल तेव्हा चालेल. गुंडाभाऊंचं प्लास्टर निघालं, पण हात कोपरातून सरळ होत नाही. मामंजींनी उरलेली मेंढरं विकायची नाहीत म्हणून हट्ट धरलाय. आता ती आडातलं शेंदलेलं पाणी पितात.

आणि गावानं काय केलं असेल? सांग बघू. गावानं गुंडाभाऊंचा सत्कार केला.

राजवर्धनची कल्पना. स्वातंत्र्यदिनाला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात शाल आणि नारळ. बॅनरसुद्धा होता, ‘गावाचे सहनशील नागरिक’. गुंडाभाऊ येणार नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं, पण आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, मागं अंबूवहिनी. राजवर्धननं शाल पांघरली आणि नारळ पुढं केला. उजव्या हातानं घेता येईना, म्हणून गुंडाभाऊंनी डाव्या हातानं घेतला. मग विचारलं, “हे कशाबद्दल म्हणायचं?”

राजवर्धन माइकमधून म्हणाला, “तुम्ही जे सहन केलं त्याबद्दल, काका. गावाला तुमचा अभिमान हाय.”

गुंडाभाऊ म्हणाले, “मग मारणाऱ्यांचाबी सत्कार घ्या की. त्यांनी लय कष्ट घेतलं.”

माइक चालू होता. सगळ्या वाडीत ऐकू गेलं. मास्तर चुळबुळले, पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आणि पुरुषांच्या बाजूनं आमचे हे उठले. वाटलं, आता परत काहीतरी करतात. ते सरळ पुढं गेले, गुंडाभाऊंच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, “गुंडाभाऊ, काठी माझी हुती.”

एवढंच. माफी मागितली नाही. माफी हा शब्द ह्यांच्या तोंडात कधी बसलेला मी बघितला नाही.

गुंडाभाऊंनी ह्यांच्याकडे बघितलं. मग तो नारळ ह्यांच्या ओंजळीत ठेवला. “घे, नानासो. तुझा सत्कार.” शाल काढून खुर्चीवर टाकली आणि निघून गेले. राजवर्धन माइक हातात धरून तसाच उभा. पुढं काय बोलायचं ते बॅनरवर छापलेलं नव्हतं.

ह्यांनी तो नारळ घरापर्यंत दोन्ही हातांत धरून आणला. घरात आणून देवळीत ठेवला. पोरगी म्हणाली, फोडू का? तिच्यावर असे खेकसले की ती रडायला लागली. मग दोन दिवस त्या नारळाकडे कुणी बघेना आणि त्याच्यावरून कुणाची नजरही हटेना.

काल संध्याकाळी मामंजींनी तो काखेत मारला आणि कुणाला काही न सांगता बाहेर पडले. दिवेलागणीला परत आले तेव्हा हात रिकामे होते. मी विचारलं, “मामंजी, घेतला का गुंडाभाऊंनी?”

म्हणाले, “हाक मारली. कुनी आलं न्हाई. दारात ठिवलाय. घ्यायचा का न्हाई ते त्यांचं त्यांनी बघावं.”

आज सकाळी पाण्याला जाताना मुद्दाम त्या वाटेनं गेले. अंबूवहिनी अंगण झाडत होत्या. मला बघितलं. नारळ होता तिथंच होता. त्यांनी त्याच्या चारी बाजूंनी स्वच्छ झाडून घेतलं आणि त्याला हात न लावता आत गेल्या.

क्रांती